गप्प बसलेला सेन्सर ओळखायचा कसा? नाशिकच्या एका रो-हाऊससाठी स्वस्त बिनतारी सेन्सरचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरला दुमजली रो-हाऊस. खाली आई एकट्या, वर प्रश्न विचारणारे स्वतः, तेही आठवड्यातले चार दिवस पुण्यात. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी, खाली हौद, वर पाणी चढवायला एक एचपीची मोटर. टाकीची पातळी, दोन दारं, दोन-तीन खोल्यांचं तापमान, सिंकखालची गळती आणि आईंच्या खोलीतली हालचाल एवढं फोनवर दिसलं पाहिजे, दहा हजारांच्या आत. दुकानदार सांगतो स्वस्तातलं घेऊ नका, भाचा सांगतो सगळं वाय-फायचं घ्या. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धंच ऐका.

मी अंबडच्या एमआयडीसीत बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन केलं, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची उपकरणं सांभाळली. तिथं एका ट्रान्समीटरच्या किमतीत तुमच्या अख्ख्या गल्लीत सेन्सर बसतील. गेली सात-आठ वर्षं स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरांत हे स्वस्तातले लावतोय. मोजण्याच्या बाबतीत ते वाईट नसतात. दोनशे-तीनशे रुपयांच्या तापमापकातही हल्ली बऱ्यापैकी चिप असते आणि अर्धा अंश इकडेतिकडे झाल्यानं घरात काही बिघडत नाही. स्वस्त सेन्सर फसवतो तो गप्प बसून. बॅटरी संपते, रेंज तुटते, रिसीव्हर हँग होतो, आणि फोनवर मात्र शेवटचा आकडा ऐटीत बसलेला असतो.

आमच्याकडे हे इन्शुलिनवरून कळलं. वडिलांची इन्शुलिनची न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, म्हणून खालच्या कप्प्यात एक ब्लूटूथ तापमापक ठेवला होता. आम्ही सगळे सिन्नरला लग्नाला. रात्री साडेअकराला मंडपाच्या मागे उभं राहून फोन उघडला, ५.२ अंश. बरं वाटलं. सकाळी परत बघितलं, ५.२. तेव्हा आलेख उघडला तर संध्याकाळी सातपासून एक सरळ रेघ. फ्रिजचा आलेख कधी सरळ नसतो. कॉम्प्रेसर चालू झाला की खाली, बंद झाला की वर, करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. सरळ रेघ म्हणजे आकडे येतच नव्हते. संध्याकाळी वीज गेली होती, रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता, वीज आल्यावर तो परत वाय-फायला जोडलाच गेला नाही. फ्रिज किती वेळ बंद होता ते कळायला मार्ग नव्हता. पेनं फेकून दिली. सेन्सर बिचारा रात्रभर बरोबर तापमान ओरडून सांगत होता, ऐकणारं कुणी नव्हतं.

म्हणून कुठलाही सेन्सर घेण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: हा मेला तर मला किती वेळात कळेल? वाय-फाय, झिग्बी (सेन्सरांसाठीची कमी विजेची बिनतारी पद्धत), ब्लूटूथ की ४३३ मेगाहर्ट्झ, हा वाद या एका प्रश्नानं बराचसा मिटतो.

भाच्याचं वाय-फाय आधी घेऊ. ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ या वाय-फाय चिपचा बोर्ड दोन-पाचशे रुपयांत मिळतो, त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकलं की तुमच्या मनासारखा सेन्सर तयार. पण बॅटरीवर हे चालवायला जाऊ नका. झोपेतून उठून राउटरला जोडायला त्याला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढा वेळ सरासरी ८० मिलिअँपिअर तरी खातो. म्हणजे एका वेळेला साधारण ०.११ मिलिअँपिअर-तास. दर पाच मिनिटांनी उठवला तर दिवसात २८८ वेळा, म्हणजे रोजचे ३२. चांगला अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचा लिथियम सेल कागदावर अडीच महिने, आणि बोर्डवरचा रेग्युलेटर आणि तो निष्कारण जळणारा लाल दिवा धरून प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. बटण सेलवर तर नावच काढू नका, त्याला तेवढा करंट एकदम देताच येत नाही. जिथं भिंतीत प्लग आहे तिथं मात्र वाय-फायसारखं सोपं काही नाही. तुमची टाकी त्यात बसते.

४३३ मेगाहर्ट्झ हा सगळ्यात स्वस्त प्रकार, आणि खरं सांगायचं तर माझा आवडता. बिनतारी डोअरबेल, गेटचे रिमोट, परदेशी हवामान-घड्याळांबरोबर येणारे बाहेरचे तापमापक, सगळे या पट्ट्यात बोलतात. टीव्ही बघायला म्हणून निघालेला एक यूएसबी डाँगल असतो, आरटीएल-एसडीआर म्हणतात त्याला. तो जुन्या लॅपटॉपला लावून आरटीएल-४३३ हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं की आजूबाजूचं सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी रात्री दीडपर्यंत जागा होतो. शेजारच्यांच्या बाल्कनीतला तापमापक दिसला, त्यांची बेल दिसली, आणि मधूनच रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या टायरमधली हवा दिसायची. हो, गाडीच्या चाकातला प्रेशर सेन्सरही असाच उघड्यावर बोलतो. बायको म्हणाली, लोकांच्या टायरची काळजी झाली असेल तर आपल्या स्कूटीत हवा भरून आणा.

या पट्ट्याची लहर लांब असल्यानं भिंतीतून ती वाय-फायपेक्षा बरी शिरते. पंचवटीत आत्याच्या वाड्यात दीड हात जाडीच्या भिंती आहेत. माजघरातून ओसरीपर्यंत ब्लूटूथ पोहोचत नाही, ४३३ चा तापमापक मागच्या परसातून आरामात ऐकू येतो. रिसीव्हर स्वतः बनवणार असाल तर दोन गोष्टी. ट्रान्समीटरसोबत जोडीनं वीस-तीस रुपयांत येणारी हिरवी रिसीव्हर पट्टी घेऊ नका, ती बहिरी असते. सुपरहेटरोडाइन लिहिलेली घ्या. आणि अँटेना म्हणून १७.३ सेंटिमीटरची सरळ तार लावा, हा पाव लहरीचा हिशेब आहे. पितळी स्प्रिंगपेक्षा ती साधी तार माझ्या अनुभवात नेहमी वरचढ ठरली.

आता त्याच्यातली ग्यानबाची मेख. ४३३ चे बहुतेक सेन्सर एकतर्फी असतात. बोलतात, पण ऐकत नाहीत, पोचपावती नाही. त्यातही दोन जाती. हवामानवाले तापमापक दर अर्ध्या-एक मिनिटाला बोलतात, त्यामुळे दहा मिनिटं आवाज आला नाही की तो गेला हे लगेच समजतं. स्वस्त दार-सेन्सर मात्र दार उघडलं तरच एकदा बोलतात, एरवी महिनोन्‌महिने मुके. त्याचा सेल आज संपला की चार महिन्यांपूर्वी, हे कळायची सोयच नाही. शिवाय त्यातल्या ईव्ही१५२७ जातीच्या चिपचा कोड ठरलेला असतो, दर वेळी तोच. कुणीही ऐकून तसाच परत वाजवू शकतं. म्हणून परसदाराची घंटी वाजवायला ठीक, आई एकट्या असताना मुख्य दाराच्या भरवशाला नाही. आणखी एक त्रास आधीच सांगून ठेवतो: यातल्या पुष्कळ तापमापकांचा ओळख-क्रमांक सेल बदलला की बदलतो. तुम्ही सेल घालता, आणि यादीत नवीनच पाहुणा उगवतो. मागे चॅनेलचं छोटं बटण असेल तर नोंद क्रमांकावर न करता चॅनेलवर करा.

दारं आणि गळतीसाठी झिग्बी घ्या. झिग्बीचे सेन्सर बटण सेलवर वर्ष-दीड वर्ष सहज जातात, काही झालं नाही तरी अधूनमधून हजेरी लावतात, आणि निरोप पोचला का ते तपासतात. त्यासाठी एक डाँगल लागतो, मला दोन-अडीच हजारांच्या आसपास पडला. हा डाँगल लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात थेट खुपसू नका. त्या पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात इतका गोंगाट निघतो की दोन खोल्यांपलीकडचा सेन्सर बहिरा झाल्यासारखा वागतो. शंभर-दीडशेची यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर घेऊन डाँगल हातभर लांब ठेवा. मी सुरुवातीचे दोन महिने सेन्सरांना शिव्या देत काढले, औषध होतं ते हे. राउटरचं वाय-फाय चॅनेल १ किंवा ६ वर असेल तर झिग्बी २५ वर लावा. ११ वर असलं तरी २५ थोडं बाहेरच राहतं.

झिग्बीत प्लगवर चालणारी उपकरणं मध्यस्थाचं काम करतात, बॅटरीवाली करत नाहीत. तुमच्याकडे स्लॅब आहे, तेव्हा जिन्याच्या वळणावर एक झिग्बी प्लग लावावाच लागेल. तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा. नाहीतर वीज गेली की तो झोपतो आणि त्याच्या जिवावर जगणारे वरचे सेन्सर अनाथ होतात. काही परत येतात, काही रुसून बसतात आणि पुन्हा जोडावे लागतात.

तापमानासाठी ब्लूटूथ पुरे. शाओमीचा तो लहान चौकोनी स्क्रीनवाला तापमापक मला सगळ्यात सोयीचा वाटतो. त्यात ब्राउझरमधूनच, वायर न लावता दुसरं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, टाकता येतं आणि मग तो कुणाशी जोडी न जमवता आपलं तापमान, आर्द्रता आणि बॅटरी हवेत जाहीर करत राहतो. वॉरंटी त्यानं जाते, ते लक्षात असू द्या. ऐकायला प्रत्येक मजल्यावर एक ईएसपी३२. आकडे सगळ्यांना उघड असतात, पण तुमच्या दिवाणखान्यात किती गरम होतंय हे शेजाऱ्याला कळलं तर कळू दे.

हे सगळं एकत्र आणायला होम असिस्टंट हे फुकट सॉफ्टवेअर. त्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेण्यापेक्षा घरात पडलेला जुना लॅपटॉप वापरा. त्याची बॅटरी तासभर टिकली तरी तुम्हाला फुकटचा यूपीएस मिळाला. राउटर आणि फायबरच्या डबीला बारा व्होल्टचा मिनी-यूपीएस लावा, तो खर्च टाळू नका. दुकानातल्या अ‍ॅपवर विसंबून राहिलात तर इंटरनेट गेलं की आईच्या खोलीतला सेन्सर आणि आईच्या खोलीतला दिवा एकमेकांना ओळखेनासे होतात. सगळं घरातल्या घरात चाललं पाहिजे.

आता टाकी. हिच्यावरच सगळ्यांचे पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

टाकीसाठी जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर मिळतो, गाडीच्या बंपरमध्ये असतो तसला काळा डोळा आणि त्याला लांब वायर. वरून आवाज सोडतो, पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. लोक तो झाकणाला भोक पाडून बसवतात आणि टाकी भरली की वेडेवाकडे आकडे येतात. कारण या सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, आणि भरलेल्या टाकीत पाणी झाकणाच्या वीतभर खाली येतं. उपाय साधा आहे. झाकणावर ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा पंचवीस सेंटिमीटरचा तुकडा उभा करा, वर एंड-कॅप, कॅपच्या मधोमध सेन्सर. पाईपची खालची कड कानशीनं गुळगुळीत करा, नाहीतर आवाज त्या कडेवरूनच परत येतो आणि टाकी कायम भरलेली दिसते. अरुंद पाईप घेतला तर आतल्या आतच आवाज आपटत राहतो.

दुसरी भानगड पहाटेची. रात्री वाफ सेन्सरच्या तोंडावर थेंब होऊन बसते आणि पाच ते सात या वेळात आकडे नाचतात. नेमकी नळाला पाणी यायची वेळ. सेन्सर किंचित तिरका बसवला की थेंब ओघळून जातो, पण फार तिरका केला तर आवाज परत येत नाही, दोन-तीन अंशांच्या वर जाऊ नका. शिवाय एका वाचनावर भरवसा ठेवू नये. दहा सेकंदांच्या अंतरानं सात वाचनं घ्यायची, लहान-मोठी लावायची आणि मधलं घ्यायचं. ईएसपीहोममध्ये त्याला मीडियन फिल्टर म्हणतात, दोन ओळींचं काम आहे.

तिसरी गोष्ट तापमानाची. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण सेकंदाला ०.६ मीटर. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे टाकीत बारा अंश असतील तर वेग ३३९, मेच्या दुपारी काळ्या टाकीत चाळीस असतील तर ३५५. पाच टक्क्यांचा फरक. टाकी रिकामी होत आली असेल, म्हणजे पाणी मीटरभर खाली, तर चूक पाच सेंटिमीटरची, तुमच्या टाकीत पन्नासेक लिटर. हे दुरुस्त करायला झाकणाखाली डीएस१८बी२० हा तारेच्या टोकाला असलेला तापमापक लावता येतो, तो पाण्या-वाफेला भीत नाही. पण माझा प्रामाणिक सल्ला, या नादाला लागू नका. तुम्हाला ६३ टक्के की ६८ टक्के हे कळून काय करायचंय?

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. गोदावरीला पूर आला की आपण विसर्गाचे आकडे नंतर विचारतो, आधी विचारतो पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं. गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्यावर भांडीबाजारातला दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. टाकीलाही तीन खुणा पुरतात. पावच्या खाली गेली तर आईंना आणि तुम्हाला निरोप. अर्ध्याच्या वर असेल तर गप्प. भरत आली की मोटर बंद करायची आठवण. मी माझ्या फोनवर टक्के दाखवतच नाही, त्या तीन शब्दांपैकी एक दिसतो.

मोटर आपोआप बंद करायचा मोह तुम्हाला होणार, सगळ्यांना होतो. करा, पण बिनतारी सेन्सरच्या एकट्याच्या जिवावर नाही. टाकीत साधा फ्लोट-स्विच, तार थेट खाली स्टार्टरपर्यंत, हा पहिला. सेन्सर दुसरा. आणि तिसरं, काही झालं तरी ठरलेल्या मिनिटांनंतर मोटर बंद होईल असा टायमर. टाकी भरायला तुमच्याकडे वीस मिनिटं लागत असतील तर टायमर पंचवीसचा. आणि ते निळे दहा अँपिअर लिहिलेले छोटे रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच, मोटरला थेट लावू नका. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. रिलेचे आतले पॉइंट चिकटतात आणि मग तुम्ही फोनवरून बंद म्हणता, रिले टिक्क करतो, मोटर चालूच. माझ्या साडूकडे असंच होऊन गच्चीवरून पाणी जिन्यात, जिन्यातून हॉलमध्ये आलं. छोट्या रिलेनं कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट झेलणारा मोठा स्विच, ओढायचा आणि कॉन्टॅक्टरनं मोटर. हे काम वायरमनकडून करून घ्या.

टाकीच्या सेन्सरचा ईएसपी बोर्ड ज्यात ठेवायचा ती गच्चीवरची डबी टाकीच्या मागे बसवू नका. पाणी वाय-फाय पिऊन टाकतं, टाकी रिकामी असताना रेंज मिळते आणि भरली की जाते, हे कोडं मला एकदा दोन दिवस पुरलं होतं. वायर डबीत खालून घ्या, आत शिरण्याआधी तिला एक झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. भोकं एम-सीलनं बुजवा. पाऊस जेवढं नुकसान करत नाही तेवढं मुंग्या आणि पाली करतात. आणि कुंभारीण माशी. तिनं मागच्या वर्षी माझ्या पाईपात अल्ट्रासॉनिक डोळ्यावर मातीचं सुबक घरटं केलं, टाकी सलग तीन दिवस शंभर टक्के. परत सरळ रेघ.

बाहेरचं तापमान हवं असेल तर सेन्सर उत्तरेच्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर, सावलीत. ऊन पडलं तर तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाच-सहा ताटल्या बोटभर अंतरानं एकावर एक बोल्टमध्ये ओवा, मधल्या ताटल्यांना भोक पाडून आत सेन्सर टांगा. वारा खेळतो, ऊन-पाऊस लागत नाही. माझा असाच पाच पावसाळे टिकलाय.

आणलेले सेन्सर लावण्याआधी एक रात्र खर्च करा. तापमानासाठी सगळे एका ताटात शेजारी शेजारी ठेवा, पंख्याखाली नाही, आणि सकाळी कोण कितीनं पुढं-मागं आहे ते वहीत लिहा. आर्द्रतेसाठी मिठाची परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखं करा. विरघळता कामा नये, वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण आणि सेन्सर दोन्ही एका घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, मीठ सेन्सरला लागू देऊ नका, आणि बरणी रात्रभर हलवू नका. आपल्या घरच्या तापमानाला त्या बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी सेन्सर ७१ दाखवत असेल तर त्यात चार मिळवायचे, एवढंच. माझ्याकडच्या निळ्या डीएचटी११ नं एकदा ८८ दाखवलं, त्याला तिथंच निरोप दिला. डीएचटी२२ चालतो, पण दमट कोपऱ्यात दोनेक वर्षांत भरकटतो. सुटा सेन्सर घेणार असाल तर एसएचटी३१ किंवा बीएमई२८० घ्या. बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० हातात येतो का ते बघा, त्याला आर्द्रता मोजताच येत नाही आणि दिसायला जुळा भाऊ असतो. घरी जोडल्यावर आर्द्रतेचा आकडा आला नाही की समजायचं.

सेलबद्दल थोडं. थंडीत सेलचा व्होल्टेज पडतो. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरचे सेन्सर पहाटे बॅटरी संपल्याचं सांगतात आणि दुपारी ठणठणीत होतात. लगेच बदलायला धावू नका, दुपारचा आकडा बघा. पट्टीनं मिळणारे स्वस्त सीआर२०३२ बटण सेल माझ्याकडे नावाजलेल्या सेलच्या निम्मेही टिकलेले नाहीत. सेन्सरवर वाचवा, सेलवर वाचवू नका. नातवंडं येत-जात असतील तर हे सेल त्यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. गिळला तर तो अन्ननलिका दोन तासांतही जाळू शकतो, घरी वाट न बघता थेट दवाखाना.

आता गप्प बसलेल्याचं. होम असिस्टंटमध्ये प्रत्येक सेन्सरला मुदत घाला. एमक्यूटीटी या निरोप-पद्धतीवरून येणाऱ्यांना ती सेटिंग थेट असते, इतक्या सेकंदांत नवीन काही आलं नाही तर आकडा पुसून टाक. ४३३ च्या तापमापकाला दहा मिनिटं, ब्लूटूथला पंधरा, टाकीला पाच. झिग्बीच्या दार-सेन्सरची हजेरी किती तासांनी येते ते आधी दोन दिवस बघा आणि त्याच्या तिप्पट मुदत द्या. फोनवर जुना आकडा दिसण्यापेक्षा रिकामी जागा दिसलेली परवडते. मग रोज सकाळी साडेसातला एकच निरोप येऊ द्या: कोण कोण गप्प आहे. कुणीच नसेल तरी निरोप यायला हवा, 'सगळे हजर' म्हणून. नाहीतर निरोप पाठवणारा लॅपटॉपच झोपला असेल तर ते कोण सांगणार? माझा एक दिवस हा निरोप आला नाही, घरी फोन केला, तर कामवाल्या मावशींनी झाडताना प्लग काढला होता.

शेवटी आई. तुम्ही त्यांच्या खोलीत हालचाल ओळखणारा सेन्सर लावायचं लिहिलंय. लावण्याआधी त्यांना विचारा, आणि काय दिसतं ते तुमच्या फोनवर त्यांनाच दाखवा. आमच्या आत्यानं वाड्यात आधी साफ नाही म्हटलं. माझ्यावर पाळत ठेवतोस का, असं. मग तिनंच सांगितलं, खोलीत नको, स्वयंपाकघरात लाव, मी साडेसहाला चहा टाकते. आता साडेसातपर्यंत तिथं हालचाल झाली नाही तर मला निरोप येतो आणि मी फोन करतो. वर्षात चारदा आला, चारही वेळा ती भावाकडे नाशिकरोडला होती आणि सांगायला विसरली होती. त्या सेन्सरला ती 'तुझा हेर' म्हणते. पण सेल संपत आला की मला आधी तिचा फोन येतो, त्याचा लाल दिवा लुकलुकतोय रे म्हणून. तुमच्या मुख्य दाराला झिग्बी, सिंकखाली गळतीचा एक, आईंच्या स्वयंपाकघरात हालचालीचा एक, परसदाराला वाटल्यास आणखी एक. कॅमेरा खालच्या मजल्यावर नको, असं माझं मत.

खर्चाचं म्हणाल तर जुना लॅपटॉप घरचा धरून हे सगळं दहा हजारांत बसतं, मिनी-यूपीएससकट. कॉन्टॅक्टर आणि वायरमन वेगळे. एकदम सगळं आणू नका. आधी झिग्बीचा डाँगल, दोन तापमापक आणि दाराचा एक सेन्सर, आणि महिनाभर ती सकाळची हजेरी बघा. टाकीला हात पावसाळा संपल्यावर घाला, ओल्या गच्चीवर वायरिंग नको.

तोवर एक काम करा. टाकी काठोकाठ भरलेली असताना झाकणाच्या खालच्या बाजूपासून पाण्यापर्यंत किती अंतर राहतं ते पट्टीनं मोजा, आणि गच्चीवर इन्व्हर्टरची लाइन जाते का ते बघून कळवा. पाईपचा तुकडा किती कापायचा आणि डबी कुठल्या भिंतीला लावायची, ते त्यावर ठरेल.